शेवटचा थांबा, सात मिनिटं

शेवटच्या थांब्यावर ट्राम सात मिनिटं उभी राहते.
वेळापत्रकात ही मिनिटं ड्रायव्हरच्या पाठीसाठी आहेत.
मी ती बोटांना देते.

डब्यात काळ्या पावाखाली पाच सुया
आणि अर्धा हातमोजा,
अंगठा अजून न फुटलेला.
बाहेर लिएपायाचा वारा तारा हलवतो,
समुद्र इथून दिसत नाही, पण काचेवर मीठ बसतं.
एक फेरी होते. कधी दीड.
मग घंटी द्यायची आणि आल्या वाटेनं परत.
गावात ट्रामची ही एकच रेघ,
सकाळपासून मीही एक उलट, एक सुलट.

घरी इल्मार्स.
एकतीस वर्षं बंदरात क्रेनवर होता,
वरून माणसं त्याला टाचणीएवढी दिसायची.
आता टाचणीहून बारीक भोकात सुई शोधतो,
चष्म्यावर चष्मा चढवून.
फुलीचा टाका.
नकाशात त्रिकोण म्हणजे निळा, टिंब म्हणजे राखाडी.
शाळेत बाईंनी फुली मारली की गणित चुकलेलं असायचं,
याचं अख्खं बंदर फुल्यांवर उभं राहतंय.

मोठ्यानं मोजतो, सोळा, सतरा.
"जेवायला ये" म्हटलं की गप्प.
उत्तर दिलं तर आकडा सांडेल.
नुसतं एक बोट वर करतो, म्हणजे एवढी एक ओळ.
कालचं बोट पाऊण तासाचं होतं.
सुपावर साय धरली.

परवा त्याला चूक सापडली,
तीन संध्याकाळी आधीची, धक्क्याच्या कोपऱ्यात, एका घराची.
म्हटलं, राहू दे रे, कोण मोजणार आहे?
त्यानं असं पाहिलं
जणू मी बोट न बांधता घरी ये म्हणाले.
मग उसवत बसला, शीळ घालत.
उसवताना शीळ घालणारा माणूस
मी दुसरा पाहिलेला नाही.

डेपोत एक खोका आहे,
गाडीत राहून गेलेल्या एकेकट्या हातमोज्यांचा.
जानेवारीत त्यात एक लाल आला, माझ्या तळव्यात मावेल एवढा,
आठ टोकांची चांदणी, अंगठ्याला हिरवं रफू.
मी तो खिशात घातला. नियमात बसत नाही.
सात सात मिनिटांनी त्याचा जोडीदार विणला.
तोच लाल काही मिळाला नाही,
माझा जरा बिटाकडे झुकणारा.
रफू मात्र मुद्दाम केलं, धडक्या अंगठ्यावर.
दोन्ही दोऱ्यानं बांधून माझ्या काचेला टांगले.

अकराव्या दिवशी इंदुलिस चढला, दात पडलेला,
आणि हातात तिसरा.
त्याचा तो बुटांच्या कपाटामागे निघाला होता.
तिन्ही मांडीवर ओळीनं लावून त्यानं विचारलं,
"यातला खोटा कुठला?"
मला ठाऊक होतं. मनगटाशी एक टाका
निघायची वेळ झाली म्हणून मी घाईनं ओढलाय.
सांगितलं नाही.
"एक हरवायला ठेव," म्हटलं.
त्यानं थोडा विचार केला,
बिटाचा नेमका उचलून नाकावर चढवला
आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

लोक विचारतात, आतापर्यंत किती जोड्या?
मी मोजत नाही. मोजणारा घरी आहे.

आज रात्री दिवा टेबलाच्या मधोमध, भांडण नको म्हणून.
त्याच्या समुद्राला निळा कमी पडलाय.
माझ्या टोपलीत एक निळा आहे, पण लोकर, जाड.
तो मागत नाही, मी काढत नाही.
उद्या माझी सुट्टी. दुकान दहाला उघडतं.
एका लडीसाठी जाऊ
आणि दुपारपर्यंत तिथेच रेंगाळू, हे दोघांनाही माहीत आहे.
"झोपायचं का?" मी विचारते,
माझ्याही सुईवर अजून अकरा टाके आहेत.

तो बोट वर करतो.
मीही.